चष्म्याविना थ्रीडी मॉनिटर: किंमत विचारण्याआधी

मोठ्या शोरूममध्ये किंवा एखाद्या औद्योगिक प्रदर्शनात तो मॉनिटर पहिल्यांदा बघणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. पडद्यातलं गिअरचं चाक काचेच्या पुढे येऊन हवेत थांबलेलं असतं आणि हा आपला बोट पुढे करून ते चाचपत असतो. डोळ्यांवर थ्रीडीचा चष्मा नाही, डोक्यावर हेडसेट नाही, तरी खोली दिसते. पाच मिनिटांत तो किंमत विचारतो. हा लेख सहाव्या मिनिटासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज उरणार नाही. ज्यांचं पोट आकारांवर चालतं, म्हणजे साच्यांचं डिझाइन करणारे, दातांच्या कॅप बनवणारे, सीटी स्कॅनवरून तुटलेल्या हाडाचा अंदाज घेणारे, प्रथिनांचे रेणू फिरवून बघणारे, त्यांच्यातल्या काहींना हा पडदा खरंच कामाचा आहे. सिनेमा बघायला किंवा मुलांना गंमत म्हणून घेणार असाल तर थांबा. टायपिंग आणि एक्सेल यांच्यासाठी तर तो त्याच किमतीच्या साध्या मॉनिटरपेक्षा कमीच पडेल. असं का, ते कळलं की दुकानात काय तपासायचं हेही कळतं.

खोली येते कुठून

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना समोरचं दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि मेंदू त्या फरकावरून अंतर काढतो. खात्री करायची असेल तर एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात त्याचं टोपण घ्या, दोन्ही हात पुढे लांबवा आणि एक डोळा मिटून टोपण बाजूने आणून बसवून बघा. बहुतेकांचं टोपण पहिल्या खेपेला पेनच्या पुढून किंवा मागून निघून जातं. दोन्ही डोळे उघडले की तेच काम सहज होतं. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन आरशांचं उपकरण वापरून दाखवून दिलं, की दोन डोळ्यांना दोन सपाट चित्रं वेगवेगळी दाखवली तरी मेंदू त्यातून भरीव वस्तू उभी करतो. थ्रीडीचा सगळा धंदा त्या एका निरीक्षणावर उभा आहे.

थिएटरमध्ये ही वाटणी चष्मा करतो. ‘छोटा चेतन’ चष्मा लावून बघितलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. चष्मा काढून टाकायचा तर वाटणीचं काम पडद्याच्या अंगावर येतं, आणि ते करण्याच्या दोन युक्त्या आहेत. दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या. पहिलीत चित्रापुढे बारीक उभ्या फटींची जाळी बसवतात. प्रत्येक फटीतून डाव्या डोळ्याला एक पट्टा दिसतो, उजव्याला शेजारचा. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशी चित्रं करून दाखवली होती. दुसरी युक्ती बारीक भिंगांची. फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्ये ती कल्पना मांडली. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी.

भिंगांची युक्ती तुम्ही हाताळलेली आहे. कंपासपेटीतली ती पट्टी आठवा, जी जरा कलती केली की त्यातल्या देवाचं चित्र बदलायचं, किंवा किचेनमधला डोळा मिचकावणारा चेहरा. त्यावरून नख फिरवलं की खर्रर्र आवाज येतो. त्या उभ्या रेषा म्हणजे अर्धगोल दांड्यांसारखी भिंगं. प्रत्येक भिंगाखाली दोन किंवा जास्त चित्रांचे पट्टे आलटून-पालटून छापलेले असतात आणि तुम्ही कुठल्या कोनातून बघता त्यानुसार भिंग त्यातला एकच पट्टा दाखवतं. आजच्या बऱ्याचशा महागड्या मॉनिटरमध्ये हेच आहे. छापील कागदाच्या जागी पिक्सेल आले, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही.

थोडा हिशेब मांडू. २७ इंची ४के मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्या रुंदीत ३,८४० पिक्सेल मावतात. म्हणजे एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. तुम्ही ६० सेंटिमीटरवर बसलात आणि शेजारशेजारचे दोन पिक्सेल तुमच्या दोन डोळ्यांत वेगवेगळे पोचवायचे आहेत, तर भिंगांचा थर पिक्सेलांपासून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर बसवावा लागतो, तोही सबंध पडद्यावर जराही इकडेतिकडे न होता. एवढं करूनही तुम्ही डोकं सहा-साडेसहा सेंटिमीटर सरकवलंत की डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला मिळतं आणि उजव्याचं डाव्याला. मग पुढचं मागे जातं, मागचं पुढे येतं. चेहरा असेल तर नाक आत गेल्यासारखा. ही अवस्था दोन सेकंदही सहन होत नाही.

यावर पुन्हा दोन तोडगे. एकात पडद्यावरचा कॅमेरा तुमचे डोळे शोधत राहतो आणि डोकं हललं की चित्रांचे पट्टेही त्याप्रमाणे सरकवले जातात. सोनीचा २०२० मधला १५.६ इंची ४के स्पेशियल रिअॅलिटी डिस्प्ले, एसरचे स्पेशियललॅब्ज लॅपटॉप आणि मॉनिटर, असूसचे २०२३ मधले थ्रीडी ओलेड लॅपटॉप, सॅमसंगचा २०२५ मधला २७ इंची ओडिसी थ्रीडी हे सगळे या घरातले. दुसऱ्या तोडग्यात दोनऐवजी चाळीस-पन्नास किंवा त्याहून जास्त दिशांची दृश्यं एकाच वेळी फेकली जातात, म्हणजे कोणीही कुठेही उभं राहिलं तरी चालतं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या लुकिंग ग्लास फॅक्टरीच्या चौकटी अशा असतात. खरेदीतला पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय या दोनांतलाच आहे. दुकानदार सहसा तो तुमच्यासमोर मांडत नाही, कारण त्याच्याकडे दोनांपैकी एकच असतो.

निन्टेंडोची सरकपट्टी

हे तंत्र नवं म्हणून विकलं जातं, पण लोकांच्या हातात ते येऊन गेलंय. शार्पने २००२ मध्ये जपानमध्ये चष्म्याविना थ्रीडी दाखवणारा मोबाइल आणला, २००३ मध्ये तसाच लॅपटॉप. २०११ मध्ये तोशिबाच्या कोस्मिओ लॅपटॉपमध्ये वेबकॅमने चेहरा शोधून चित्र सरकवण्याची सोयही होती. मोबाइलमध्ये त्याच वर्षी एलजी आणि एचटीसी यांनी हात पोळून घेतले. त्याआधी फिलिप्सने मोठ्या पडद्यांचा प्रयत्न २००९ मध्ये गुंडाळला होता.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण निन्टेंडो ३डीएसचं. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये निघालेला हा हातात धरून खेळायचा कन्सोल. वरच्या पडद्यावर ८०० गुणिले २४० पिक्सेल, त्यातले निम्मे स्तंभ एका डोळ्याला, निम्मे दुसऱ्याला. बाजूला एक छोटी सरकपट्टी होती. वर केली की खोली वाढायची, खाली आणली की चित्र सपाट. अमेरिकेत २५० डॉलरला निघालेला हा कन्सोल काही महिन्यांतच, ऑगस्टमध्ये, १७० डॉलरवर आणावा लागला. डोकं किंवा हात हलला की चित्र फुटायचं, म्हणून २०१४ मध्ये नव्या आवृत्तीत डोळे शोधणारा कॅमेरा घातला गेला. पण त्याच्या एक वर्ष आधीच कंपनीने २डीएस काढला होता. तेच गेम, तीच आतली यंत्रणा, थ्रीडी काढून टाकलेलं, किंमत कमी. २०१६ मध्ये आलेल्या पोकेमॉनच्या ‘सन’ आणि ‘मून’ या गेममध्ये तर जवळजवळ सगळा खेळ सपाटच ठेवला होता. या कुटुंबातले कन्सोल २०२० पर्यंत साडेसात कोटींहून जास्त विकले गेले, म्हणजे धंदा बुडाला असं मुळीच नाही. लोकांनी चांगल्या गेमसाठी यंत्र घेतलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पट्टी खाली सरकवून ठेवली.

मला ती सरकपट्टी त्या सगळ्या यंत्रातला सर्वांत शहाणा भाग वाटते. आजचा मॉनिटर घेतानाही खोली कमी-जास्त करायची आणि पूर्ण बंद करायची सोय हाताशी आहे का, हे आधी बघा. तीन मेनू उघडून आत शिरावं लागत असेल तर ती सोय नसल्यातच जमा.

काय द्यावं लागतं

खोली फुकट मिळत नाही. दोन डोळ्यांना दोन चित्रं द्यायची म्हणजे पिक्सेलांची वाटणी आली. ४के पडद्याचे ३,८४० स्तंभ दोघांत वाटले की एका डोळ्याला १,९२० उरतात. दोन चित्रं मेंदूत जुळतात म्हणून प्रत्यक्षात तितकं खरबरीत वाटत नाही, पण बारीक अक्षरांच्या कडा भुरकट दिसतात. बहुदृश्य पडद्याचं गणित आणखी कडक आहे. लुकिंग ग्लासच्या ७.९ इंची पोर्ट्रेट चौकटीत १,५३६ गुणिले २,०४८ पिक्सेल आहेत, म्हणजे साधारण ३१ लाख. ते पन्नास दृश्यांत वाटा: प्रत्येकाच्या वाट्याला बासष्ट-त्रेसष्ट हजार. निन्टेंडोच्या त्या खेळण्यात एका डोळ्याला ९६ हजार मिळत होते! तरीही ती चौकट सुंदर दिसते, कारण तिच्यात फोटो किंवा एखादी मूर्ती दाखवतात. तिच्यावर कोणी ड्रॉइंगची मापं वाचत नाही.

फटींची जाळी असेल तर उजेडही निम्म्यावर येतो, कारण जाळी निम्मा प्रकाश अडवते. भिंगांत ही तक्रार नाही. मात्र भिंग कायमचं चिकटवलेलं असेल तर साधं चित्र बघतानाही ते मध्ये येतं. काही पडद्यांत भिंगाचा थर द्रवस्फटिकाचा असतो आणि तो विजेने चालू-बंद करता येतो. बंद केला की मॉनिटर पुन्हा नेहमीसारखा. दिवसभर एकाच पडद्यावर काम करणाऱ्याने या दुसऱ्या प्रकाराखेरीज काही घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

ग्राफिक कार्डवरही बोजा येतो. प्रत्येक दृश्य दोनदा काढायचं असतं आणि डोकं हललं की तत्काळ नव्याने काढायचं असतं. साध्या मॉनिटरवर तुमचं कॅडचं मोठं असेंब्ली मॉडेल फिरवताना आत्ताच अडखळत असेल, तर थ्रीडीत ते चालण्याऐवजी रांगेल. डोळ्यांचा माग घेणाऱ्या पडद्यात तर चित्र उशिरा आलं की नुसतं अडखळणं दिसत नाही, मळमळायला लागतं. मॉनिटरच्या किमतीत नव्या कार्डाची किंमत मिळवूनच हिशेब करा.

आता डोळ्यांच्या शिणाकडे येऊ, कारण इथे गैरसमज फार आहेत. जवळची वस्तू बघताना आपले डोळे दोन गोष्टी एकदम करतात. दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग त्या अंतरावर फोकस करतं. जन्मापासून या दोन क्रिया जोडीने होत आलेल्या असतात. थ्रीडी पडद्यावर ही जोडी तुटते. गिअरचं चाक तुमच्यापासून ३० सेंटिमीटरवर आल्यासारखं दिसतं म्हणून डोळे तिथे वळतात, पण प्रकाश येतो ६० सेंटिमीटरवरच्या काचेतून, म्हणून फोकस तिथे ठेवावा लागतो. ही ओढाताण शीण आणि डोकेदुखी वाढवते, हे अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवलं. यातून निघणारा व्यवहारातला नियम सोपा आहे. वस्तू पडद्याच्या आसपास ठेवा. ६० सेंटिमीटरवर बसणाऱ्याने काचेच्या पुढे आठ-दहा सेंटिमीटर आणि मागे बारा-तेरा सेंटिमीटर एवढ्या पट्ट्यात मॉडेल मावेल असं बघितलं, तर बराच वेळ काम करता येतं. शोरूमचा डेमो नेमका उलट असतो, त्यात सगळं अंगावर येतं. पाच मिनिटं ते छान वाटतं. पाच तास तसं बघायचं कोणाच्याही डोळ्यांना झेपणार नाही.

याने डोळे बिघडतात का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. निन्टेंडोने सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना थ्रीडी दाखवू नका असा इशारा दिला होता, त्यावरून बरीच घबराट झाली. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या आणि दृष्टितपासनीसांच्या संघटनांनी तेव्हाच सांगितलं, की नुकसान होतं असा पुरावा नाही. उलट मुलाला थ्रीडी दिसत नसेल किंवा लगेच डोकं दुखत असेल, तर दोन डोळ्यांच्या जुळणीत काही दोष आहे का हे तपासून घ्यायला ती चांगली खूण आहे. मोठ्यांनाही हे लागू पडतं. लहानपणचा तिरळेपणा, आळशी डोळा, एका डोळ्याची नजर फारच कमी असणं, यांपैकी काही असेल तर या पडद्यावर तुम्हाला खोली दिसणारच नाही किंवा अर्धवट दिसेल. यात कमीपणा काही नाही; अशी माणसं गाडी चालवतात, शस्त्रक्रियाही करतात, कारण अंतराच्या इतर खुणा मेंदू वापरतोच. फक्त या मॉनिटरवर त्यांनी पैसे घालवू नयेत.

चाळिशी लागलेल्यांसाठी वेगळी सूचना. वरच्या भागातून दूरचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर मॉनिटर बघताना मान वर करून बसायची सवय लागलेली असते. चष्म्याच्या काचांवर दिव्याचं प्रतिबिंब पडलं की डोळे शोधणारा कॅमेरा गोंधळू शकतो. संगणकाच्या अंतराचा एकच नंबर असलेला चष्मा असेल तर दुकानात तोच घालून जा.

कोणी घ्यावा

दातांच्या प्रयोगशाळेत कॅपची कड हिरडीजवळ कुठे संपते, हे बघायला तंत्रज्ञ मॉडेल सतत फिरवत बसतो. फिरवल्यावरच खोली कळते म्हणून. खोली थेट दिसली तर ते फिरवणं कमी होतं. एका माणसाचं काम, एका खुर्चीत बसून, एकाच अंतरावरून, आणि आकार गुंतागुंतीचा: डोळ्यांचा माग घेणारा मॉनिटर नेमका अशा कामासाठी शोभतो. इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्यात थंड पाण्याचे मार्ग एकमेकांच्या किती जवळून जातात हे बघणारा पुण्या-चाकणकडचा डिझायनर, रेणूच्या खाचेत औषधाचा रेणू बसतो का हे बघणारी संशोधक, हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून नकाशे काढणारे लोक, यांचंही तसंच. नकाशावाले तर दोन छायाचित्रांतून खोली बघण्याचं काम फार पूर्वीपासून करत आलेत. त्यांना चष्मा उतरवायची सोय मिळाली, इतकंच.

आर्किटेक्ट मात्र इथे फसतात. त्यांच्या मनात असतं, की गिऱ्हाईक समोर बसलं आहे, आपण बंगला दाखवतो आहोत आणि तो पडद्यातून बाहेर येतो आहे. पण माग घेणारा मॉनिटर एका वेळी एकाच जोडी डोळ्यांना सांभाळतो. गिऱ्हाइकाला खोली दिसली तर तुम्हाला चित्र फुटलेलं दिसेल, आणि त्याच्या बायकोने वाकून बघितलं की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर उडी मारण्याची भीती. माणसं जमवून दाखवायचं असेल तर बहुदृश्य पडदाच लागतो, आणि त्यावर तपशील कमी दिसणार हे धरून चालावं. खरं सांगायचं तर त्या पैशांत थ्रीडी प्रिंटवर बंगल्याची चार मॉडेल होतील, आणि ती गिऱ्हाइकाला घरी नेता येतील. दागिन्यांच्या डिझाइनलाही हाच न्याय. अंगठीचा मेणाचा नमुना छापून बोटात घालून बघणं हे कुठल्याही पडद्यापेक्षा खात्रीचं आहे.

गेमच्या बाबतीत कंपन्यांची जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. निवडक गेमनाच नीट पाठिंबा असतो, बाकीच्यांत सपाट चित्रावरून अंदाजाने खोली घातली जाते. त्यात मग बंदुकीची नळी खरी वाटते आणि कोपऱ्यातले आकडे भलत्याच खोलीवर तरंगतात. सिनेमाचं तर दुखणं जुनंच. थ्रीडी टीव्हीची लाट ‘अवतार’नंतर आली आणि २०१७ पर्यंत शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही ते बनवणं थांबवलं. त्यामुळे घरी थ्रीडीत बघायला नवं फारसं काही मिळत नाही. अलीकडे आयफोनवर दोन कॅमेऱ्यांनी काढलेले स्पेशियल व्हिडिओ निघतात. नातवाच्या बारशाचा असा व्हिडिओ या पडद्यावर पाहिला तर डोळ्यांत पाणी येईलही, पण त्यासाठी लाखाच्या घरातला मॉनिटर? नव्याचे नऊ दिवस.

दूरच्या माणसाशी समोरासमोर बसल्यासारखं बोलण्याचा एक प्रयोगही चालू आहे. गूगलचं २०२१ मधलं स्टारलाइन २०२५ मध्ये बीम या नावाने बाजारात आणायचं ठरलं. एचपीने बनवलेल्या त्या यंत्रात ६५ इंची पडदा, सहा कॅमेरे आणि किंमत २४,९९९ डॉलर. हे कंपन्यांच्या बैठकखोल्यांसाठी आहे, तेव्हा घरच्यांनी त्याचा विचार सोडून द्यावा.

दुकानात गेल्यावर

तिथला डेमो बघून झाला की तो बंद करायला सांगा आणि पेनड्राइव्हवर नेलेली तुमची स्वतःची फाइल उघडा. तुम्ही रोज ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता त्यातच ती थ्रीडीत दिसते का, की आधी दुसऱ्या स्वरूपात बदलून कंपनीच्या दर्शक-प्रोग्रॅममध्ये न्यावी लागते? दुसरं असेल तर थ्रीडीत फक्त बघता येईल, काम करता येणार नाही. हा प्रश्न एकटाच निम्मे सौदे रद्द करायला पुरेसा आहे. यातले बहुतेक पडदे विंडोजवरच चालतात, मॅकवाल्यांनी तेही विचारून घ्यावं.

मग गळती तपासा. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्या डोळ्यात थोडं झिरपतंच, त्यामुळे उजळ वस्तूंच्या कडेला फिकट जुळी आकृती दिसते. याची चाचणी घरी पाच मिनिटांत बनवता येते. शेजारशेजारची दोन चित्रं असलेली एक फाइल करा, दोन्हीची पार्श्वभूमी काळी. डाव्या चित्रात पांढऱ्या जाड अक्षरांत ‘डावा’ लिहा आणि उजव्यात, जरा खालच्या बाजूला, ‘उजवा’. मॉनिटरवर ती थ्रीडी चित्र म्हणून उघडा आणि एक-एक डोळा मिटून बघा. उजवा डोळा मिटल्यावर फक्त ‘डावा’ दिसायला हवा. खाली ‘उजवा’ची पुसट सावली दिसली तर ती गळती. थोडी असणारच, सहज वाचता येत असेल तर तो पडदा नको. काही मॉनिटरांचा कॅमेरा एक डोळा झाकला की माग काढणं सोडतो, म्हणून डोळ्यावर हात न ठेवता फक्त पापणी मिटा. पडद्याच्या मध्यावर एकदा आणि दोन्ही कडांवर एकदा असं बघा, कारण कडेला गळती जास्त असते.

दिवे मंद करून बघा, खिडकी पाठीशी ठेवून बघा. सहकाऱ्याला मुद्दाम खांद्यामागे उभं करा. खुर्ची मागे-पुढे सरकवा आणि खोली किती अंतरापर्यंत टिकते ते बघा. थ्रीडी बंद करून एक पानभर मराठी मजकूर उघडा. देवनागरीतल्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं बारीक टायपात स्वच्छ दिसतात का, ही भिंगाची फार कडक परीक्षा आहे. आणि निदान अर्धा तास बसा. विक्रेता घाई करेल, करू द्या. अर्ध्या तासाने उठल्यावर दूरची पाटी वाचताना डोळे जुळायला वेळ लागला, तर तुमच्या डोळ्यांनी उत्तर दिलेलं आहे.

सॉफ्टवेअरचं आयुष्य हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एनव्हीडियाचं थ्रीडी व्हिजन हे चष्म्यावर चालणारं तंत्र २००९ मध्ये निघालं, त्यासाठी लोकांनी खास मॉनिटर घेतले आणि २०१९ मध्ये नव्या ड्रायव्हरमधून त्याचा पाठिंबा काढून घेण्यात आला. मॉनिटर धडधाकट, चष्मे धडधाकट, पण नवं कार्ड बसवलं की थ्रीडी गायब. चष्म्याविना मॉनिटर तर त्याहून जास्त कंपनीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतो, कारण डोळ्यांचा माग आणि पट्ट्यांची जुळवणी तोच करतो. म्हणून थ्रीडी बाजूला ठेवून त्या मॉनिटरचे रंग, उजेड आणि वेग यांकडे बघा आणि नुसता साधा मॉनिटर म्हणून तो किती किमतीला घ्याल, हे स्वतःला विचारा. उरलेला फरक तीन-चार वर्षांच्या कामातून वसूल होत असेल तरच पुढे जा.

परदेशातून मागवत असाल तर कस्टम्स, वाहतूक आणि बिघाड झाल्यास परत पाठवण्याचा खर्च धरा. भिंगाचा थर कारखान्यात प्रत्येक पडद्याशी वेगळा जुळवलेला असतो, त्यामुळे गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे पॅनेल बदलून मिळेल ही आशा ठेवू नका. भाड्याने किंवा आठवडाभर वापरायला मिळत असेल तर तो मार्ग सर्वांत चांगला. नाही मिळाला, तर डोळ्यांना झेपलं नाही म्हणून किती दिवसांत परत घेणार आणि किती रक्कम कापणार, हे बिल करण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो लिहून देत नसेल तर घेऊ नका.